एकोणीस एक आणि हार्डीची रेघ

११,११,११,११,११,११,११,११,१११. सलग एकोणीस एक. तोंडी वाचायची तर अकरा हजार एकशे अकरा कोटी कोटी, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा कोटी, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. वाचतानाच दम लागतो. एकं, दहं, शतं करत चढत गेलो तर परार्धाशी नावे संपतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) अठरा स्थानांची नावे दिली आहेत, त्यातले अठरावे परार्ध. एकोणीस एक लिहायला त्याच्याही पुढचे घर लागते, आणि त्या घराला त्या यादीत नाव नाही.

या संख्येबद्दल दोन गोष्टी सांगता येतात. पहिली, तिचे सगळे अंक एक आहेत. हे बालवाडीतल्या मुलालाही दिसते. दुसरी, ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही. हे पाहून कोणालाही कळत नाही. तेवढे खडे घेऊन बसलो तर ते एका लांबलचक ओळीतच मांडता येतील. दोन, सात, हजार, कितीही सारख्या ओळी करायला जा, काही खडे हातात उरतीलच.

यातला खरा गुण कोणता? गणितातले लोक क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्याकडे बोट दाखवतात. सगळे अंक एक असणे हा संख्येचा गुण नव्हे, ती लिहिण्याच्या पद्धतीचा गुण. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून तिला हे रूप आले. द्विमान पद्धतीत तीच संख्या लिहा, शून्य आणि एक यांची साठ अंकी सरमिसळ होते आणि सगळा डौल जातो. मूळपण मात्र जात नाही. कोणत्याही पद्धतीत लिहा, खडे उरतातच. गंमत अशी की भास्कराचार्यांनीही स्थानांची यादी संपवताना हेच बजावले आहे: ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी केली. दहा हा व्यवहार आहे, निसर्ग नव्हे.

हे उत्तर चुकीचे नाही. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की अंकांच्या रूपावर उभे असलेले सगळेच गुण पोरखेळ, तो मला मान्य नाही. आणि त्याच्याविरुद्धचा उत्तम साक्षीदार ही एकोणीस एकांची संख्याच आहे.

खरे गणित आणि अंकांचा खेळ यांच्यातली ही रेघ सर्वांत ठसठशीतपणे ओढली ती जी. एच. हार्डीने. रामानुजनांना केंब्रिजला बोलावून घेणारा तोच हा हार्डी. १९४० साली त्याचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटे पुस्तक निघाले. त्यात त्याने ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्या पुढे केल्या. शून्याने संपणाऱ्या आणि दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्या सोडल्या तर चार अंकी संख्यांत या दोनच अशा, की ज्या आपल्या उलट्या संख्येच्या पूर्ण पटीत आहेत: २१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१. हार्डीचे म्हणणे असे की हे कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाने यात रमावे असे काही नाही. यातून पुढे काही निघत नाही.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे टोक आहे. आरटीओमध्ये १११११ मिळत नाही म्हणून ११११ या ‘चॉइस नंबर’साठी लोक पैसे मोजतात. (११११ म्हणजे ११ गुणिले १०१, हे माहीत असलेला ग्राहक मला अजून भेटायचा आहे.) आणि अंकांच्या गुणांचे जे खरे अभ्यासक आपल्यात होऊन गेले, त्यांना आपण ‘संख्यांचे जादूगार’ करून टाकले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ सालचा, डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसनमध्ये, हयात देवळालीच्या शाळेत शिक्षकी करण्यात गेली. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोवर हौशी माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणारे पुष्कळ होते, नंतर चमत्कार म्हणून मिरवणारे पुष्कळ झाले. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. अंकांचे गुण गणिताच्या अंगणाबाहेरचे आहेत, हे दोघांनीही गृहीत धरले. एकाने नाक मुरडले, दुसऱ्याने हार घातला.

कापरेकर म्हटले की ६१७४ आठवते. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच फिरत राहते. मला या ६१७४ ची कीर्ती जरा जास्त वाटते. तीन अंकांत ४९५ येते, पाच अंकांत एकच एक मुक्काम नाही, वेगवेगळी चक्रे आहेत. खेळ सुंदर आहे. पण तो बहुतेक स्वतःबद्दलच बोलतो. हार्डीचा आक्षेप कुठे लागू पडत असेल तर इथे. कापरेकरांचे दुसरे एक अपत्य मात्र वेगळ्या जातीचे आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष कमी गेले.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. अट इतकीच की उजव्या तुकड्यात मूळच्या संख्येइतके अंक ठेवायचे. पहिल्यांदा ऐकताना हा निव्वळ कागदावरचा खेळ वाटतो: वर्ग करा, कात्री लावा, बेरीज करा. हार्डीने हे उदाहरण पाहिले असते तर ८७१२ च्या शेजारी नेऊन बसवले असते.

पण २९७ कडे जरा थांबून पाहू. ८८२०९ म्हणजे ८८ हजार अधिक २०९. आणि २९७ म्हणजे ८८ अधिक २०९. पहिल्यातून दुसरे वजा करा. २०९ जातात, ८८ हजारांतून ८८ जातात, उरतात ८८ गुणिले ९९९. डावीकडे काय वजा झाले? २९७ च्या वर्गातून २९७, म्हणजे २९७ गुणिले २९६. तर २९७ × २९६ = ८८ × ९९९. कात्री, तुकडे, बेरीज सगळे गायब झाले. उरले एवढेच, की २९७ आणि तिची शेजारीण २९६ यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जातो.

आता ९९९ चे अवयव पाडा: २७ × ३७. शेजारच्या दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, म्हणून २७ फोडून थोडे इकडे थोडे तिकडे असे वाटता येत नाहीत. पूर्ण २७ कोणा एकीकडे जायला हवेत, पूर्ण ३७ कोणा एकीकडे. २९७ ने २७ घेतले (२७ × ११), २९६ ने ३७ घेतले (३७ × ८). उलटी वाटणी करा: ३७ मोठीकडे, २७ धाकटीकडे. अशी जोडी एकच, ७०३ आणि ७०२. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ बरोबर ७०३. दोन्ही वाटे मोठीकडे गेले तर ९९९ स्वतः. दोन्ही धाकटीकडे गेले तर मोठी संख्या १, तिला सोडून देऊ. म्हणजे तीन अंकी कापरेकर संख्या तीन आणि तीनच: २९७, ७०३, ९९९. शोधायची गरजच उरली नाही. अवयव पाडले की त्या आपोआप हातात येतात.

हाच विचार कितीही अंकांना लागू होतो आणि डग्लस इयानुचीने २००० साली तो नीट मांडून दाखवला. न अंकी कापरेकर संख्या शोधणे म्हणजे न नऊंच्या संख्येचे, ९९…९ चे, मूळ अवयव पाडून त्यांचे वाटे करणे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे हे तर अंकगणितातले सर्वांत अस्सल आणि सर्वांत चिवट काम. आजच्या अनेक गुप्त संदेशांची सुरक्षितता ज्यावर उभी आहे तेच. देवळालीच्या शिक्षकाची कात्री नकळत तिथे पोहोचली.

आता पुन्हा एकोणीस एकांकडे येऊ. एकोणीस नऊ म्हणजे ९ गुणिले एकोणीस एक. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, तिच्यात तीनचा अंश नाही, कारण अंकांची बेरीज १९. म्हणजे वाटणीला दोनच वाटे आले: एक ९ चा, एक या प्रचंड संख्येचा. अठरा नऊ घेतले तर त्यांच्यात आठ निरनिराळ्या मूळ संख्या सापडतात: ३, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७, वाटणीचे २५६ प्रकार होतात. वीस नऊ घेतले तरी आठच: ३, ११, ४१, १०१, २७१, ३५४१, ९०९१, २७९६१, पुन्हा २५६. दोन्ही बाजूंना एवढी गर्दी, आणि मध्ये एकोणिसाव्या घरात वाटणीचे प्रकार फक्त चार. त्यातला एक १ चा, तो सोडला. म्हणून एकोणीस अंकी कापरेकर संख्या साऱ्या विश्वात तीनच आहेत. एक म्हणजे एकोणीस नऊ. दुसरी अठरा आठ आणि शेवटी नऊ. तिसरी कोण? एकोणीस एक, स्वतः.

करून पाहा. एकोणीस एकांच्या वर्गाचा डावा तुकडा १२३४५६७९०१२३४५६७९० आणि उजवा ०९८७६५४३२०९८७६५४३२१. बेरीज करा, एक एक करत एकोणीस एक खाली उतरतात.

यात आणखी एक धागा आहे. कापरेकरांना एकांच्या वर्गांचेही वेड होते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असे करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. या कुळातल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ नाव दिले, जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून. पण दहाव्या एकाला हातचा येतो आणि ही कमान मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांच्या खेळावर हसणारे नेमके इथे बोट ठेवतात: बघा, नक्षी दशमान पद्धतीच्या मर्जीवर होती, हातचा आला आणि संपली. संपली खरी. पण मोडलेल्या कमानीचे दोन तुकडे करा, १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज दहा एक! जिथे डेमलोची नक्षी मोडते तिथेच कापरेकर संख्या उगवते, कारण दहा एकांतून एक वजा केला तर त्याला ९ ने भाग जातो. पुढे तेच एकोणिसाव्या घरात, मग अठ्ठाविसाव्या.

या साऱ्याचा हार्डीच्या रेघेवर काय परिणाम होतो? समजा कोणी हटून बसून चौथी एकोणीस अंकी कापरेकर संख्या शोधून काढली असती. तर त्याच क्षणी एकोणीस एकांचा एक अवयव हाती आला असता. चौथी संख्या आणि एकोणीस एक यांचा मसावि काढला की झाले. उलट बाजूने, तीनच संख्या आहेत या विधानाचा अर्थच असा, की एकोणीस एक ही मूळ संख्या आहे किंवा फार तर कोणा एका मूळ संख्येचा घात. कात्रीचा खेळ आणि मूळपण ही एकाच गोष्टीची दोन वर्णने झाली. रेघ ओढायचीच तर ती या संख्येच्या आरपार जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीच संख्या उभी राहते.

यावर प्रामाणिक आक्षेप असा: शेवटी वजन पडले ते मूळपणाचेच ना? अंकांचे रूप नुसते निमित्त. हे तपासण्यासाठी एक हिशेब पाहा. एकोणीस अंकी मूळ संख्या एकूण दोन परार्धांहून अधिक आहेत. या परिसरात साधारण दर बेचाळीस संख्यांमागे एक मूळ निघते. मूळ असणे ही इथे दुर्मीळ गोष्ट नाहीच. त्या दोन परार्धांतली एखादी संख्या उचलली तर तिच्याबद्दल ‘मूळ आहे’ यापलीकडे बोलण्यासारखे बहुधा काही नसते. नुसते मूळपण मुके आहे, जसे नुसते एकसारखे अंक मुके आहेत. या संख्येला वाचा फुटते ती दोन्ही एकत्र आल्यावर, आणि एकातून दुसरे का निघते हे दाखवता येते म्हणून.

आवर्ती दशांशांचे पाहा. १ भागिले ७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७…, सहा अंकांची आवर्तने. १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७…, तीन अंकांची. ४१ आणि २७१ यांची आवर्तने पाच अंकी, आणि पाच एक म्हणजे ११,१११ बरोबर ४१ × २७१. हा योगायोग नाही. २, ३, ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. ती ज्या एकांच्या रांगांना भाग देते त्यांची लांबी तिच्या आवर्तनाच्या पटीतच असते. मग एकोणीस अंकी आवर्तन कोणाचे? मूळ संख्या अनंत आहेत, पण हे आवर्तन असलेली त्यांच्यात एकच, आणि ती म्हणजे एकोणीस एक. १ भागिले ती केले की दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये, एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये, एक नऊ, असे अखंड.

हेही दहावरच अवलंबून आहे ना? आहे. पण गाउसने १८०१ च्या आपल्या ग्रंथात दशांशांच्या आवर्तनांचा विचार केला, त्याचे कोष्टकही जोडले, आणि त्याला कोणी पोरखेळ म्हटले नाही. कारण आत दडलेला प्रश्न असा होता: दहाने गुणत गेलो तर किती पायऱ्यांनी बाकी पुन्हा १ येते? दहाच्या जागी दोन घाला, सात घाला, प्रश्न तसाच टिकतो. त्यातूनच १९२७ साली एमिल आर्टिनचे अनुमान आले आणि ते आजही सिद्ध व्हायचे आहे.

आणि दहाच्या जागी खरोखर दोन घातले तर काय होते? द्विमान पद्धतीतल्या एकांच्या रांगा म्हणजे ३, ७, १५, ३१, अर्थात दोनच्या घातांतून एक वजा. त्यांतल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि परिपूर्ण संख्यांशी त्यांचे नाते युक्लिडपासून माहीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ही द्विमानात लिहिली तर तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस एकांची सलग रांग आहे. दशमानात तिचे अंक चार कोटींहून जास्त. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची बातमी छापली. दोनच्या पायावरच्या एकांच्या रांगा गंभीर गणित, आणि दहाच्या पायावरच्या रांगा कोड्याचे सदर? दोन ही सर्वांत लहान मूळ संख्या असल्याने तिला खास मान आहे, हे मान्य. दहा आपल्या बोटांतून आले, हेही मान्य. पण दोन्ही ठिकाणची वीण एकच आहे.

एकांच्या रांगा मूळ निघणे सोपे नाही. रांगेची लांबी संयुक्त असली तर प्रश्नच मिटतो. सहा एकांना ११ नेही भाग जातो आणि १११ नेही. लांबी मूळ असूनही बहुतेक वेळा निराशाच. १११ म्हणजे ३ × ३७. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरा एक, २१६४९ × ५१३२३९. तेरा एकांना ५३ ने भाग जातो, सतरा एकांना २०७१७२३ ने. ११ नंतर पहिले यश थेट एकोणिसाव्या घरात.

ते सिद्ध केले १९१८ च्या सुमारास ऑस्कर होप्पेने, यंत्राविना. सरळ भागून पाहायचे तर १०५ कोटींपर्यंतचे भाजक तपासावे लागतात. थोडी सूट मिळते: अशा संख्येचा कोणताही विभाजक ३८ च्या पटीहून एकने जास्तच असायला हवा. तरीही पावणेतीन कोटींहून अधिक उमेदवार उरतात. पण मला सर्वांत भावणारी सिद्धता वेगळी आहे. ती शेजारणीच्या साक्षीवर चालते. एदुआर ल्युकाने एकोणिसाव्या शतकात तिचा पाया घातला आणि डी. एच. लेहमरने १९२७ मध्ये ती आजच्या सुटसुटीत रूपात आणली: एखाद्या संख्येतून एक वजा करून जे येते त्याचे सगळे मूळ अवयव ठाऊक असतील, तर त्या संख्येच्या मूळपणाची झडती काही थोड्या घातांच्या बाक्या काढून पक्की घेता येते. मोठी संख्या हाती आली की अडचण बहुधा हीच, की एक वजा केल्यावर जे उरते तेही फुटत नाही. इथे मात्र एकोणीस एकांतून एक गेला की उरतात अठरा एक आणि शून्य. म्हणजे दहा गुणिले अठरा एक. आणि अठरा एक कसे लाह्यांसारखे फुटतात ते वर आलेच आहे: ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९, ३३३६६७, शिवाय तीनचा वर्ग. जे अवयव अठराव्या घरात कापरेकर संख्यांची गर्दी करतात, तेच एकोणिसाव्या घरातल्या संख्येच्या अभेद्यपणाची ग्वाही देतात. आणि ही साक्ष मिळते कशामुळे? एक वजा केल्यावर दहाची पट आणि आणखी एक एकांचीच रांग उरते, या दशमान रूपामुळे.

तर मग कोणीही कोणत्याही दोन गोष्टी जोडाव्यात का? अंकशास्त्रवालेही गाडीचा नंबर आणि जन्मतारीख जोडतातच. इथे हार्डीचा कडकपणा मला हवा आहे, फक्त रेघ दुसरीकडे. त्याच्याच ९८०१ चे उदाहरण घेतो. ९८०१ हा ९९ चा वर्ग, आणि ९८ अधिक ०१ बरोबर ९९, म्हणजे हार्डीने नापास केलेली संख्या कापरेकर संख्येचा वर्ग निघाली. त्याहून मौज अशी की रामानुजनांनी १९१४ मध्ये पायच्या व्यस्तासाठी जी विलक्षण श्रेणी दिली, तिच्या छेदात ९८०१ आहे. हार्डीला ती श्रेणी ठाऊक होती. पण तिथे ९८०१ आली ती उलट्या अंकांमुळे नव्हे, तर ५८ च्या वर्गमुळाशी असलेल्या नात्यामुळे: ९९ चा वर्ग हा १३ च्या वर्गाच्या ५८ पटीपेक्षा बरोबर एकने कमी आहे. दोन गुण एका संख्येच्या घरी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. असले जुळणे ऐकून हसावे आणि सोडून द्यावे. २९७ मध्ये मात्र २७ आणि ३७ यांना सुटकाच नव्हती. तिथे ‘का’ला उत्तर आहे. अंक आले म्हणून गुण हलका ठरत नाही, ‘का’ला उत्तर नसेल तर ठरतो.

एकोणीसनंतर तेवीस एकही मूळ निघाले. मग एकदम ३१७, मग १०३१. पुढची रांग ४९०८१ एकांची. १९९९ पासून ती मूळ असावी असे सगळे म्हणत होते, कारण चाचण्यांतून ती तावून सुलाखून निघाली होती; पण ‘असावी’चे ‘आहे’ व्हायला २०२२ साल उजाडले. ८६४५३ एकांची सिद्धता २०२३ मध्ये आली. अशा रांगा अनंत आहेत की कुठेतरी थांबतात, हे कोणी सिद्ध केलेले नाही.

या प्रत्येक सिद्धतेबरोबर कापरेकरांच्या वहीत एक ओळ वाढते. ४९०८१ हा आकडा ९ ने भागला तर बाकी ४ येते. ४ ला ७ ने गुणले तर २८, आणि त्याची ९ ने बाकी १. म्हणून त्या घरातली कापरेकर संख्या म्हणजे ४९०८१ सात सलग. चार अंकांत याचे छोटे रूप पाहता येते: ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९, ६०४८ अधिक १७२९ बरोबर ७७७७. (हो, तीच रामानुजनांची १७२९. आणि हेही नुसते जुळणेच.) सातांच्या त्या रांगेची जोडीदार म्हणजे ४९०८० दोन आणि शेवटी तीन, आणि तिसरी अर्थातच सगळे नऊ. या तिन्ही कोणालाही केव्हाही सांगता आल्या असत्या. चौथी नाही, हे २०२२ पर्यंत कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

२०२१ मध्ये ८१७७२०७ एकांची एक रांग पुढे आली. ती मूळ असण्याची शक्यता दाट आहे, सिद्धता नाही. त्या घरातल्या तीन कापरेकर संख्या आत्ताच लिहून ठेवता येतात: सगळे दोन, सातांच्या रांगेच्या शेवटी एक आठ, सगळे नऊ. चौथीची जागा सिद्धता येईपर्यंत मोकळी ठेवावी लागेल.